यकृताचा विकार आणि मूत्रपिंडाची साक्ष

‘ब’ प्रकारची कावीळ म्हणजे केवळ यकृताचा विकार, ही समजूत लोकांच्या मनात इतकी दृढ झालेली आहे की, वर्षानुवर्षे तो विषाणू अंगी वागवणाऱ्या रुग्णाच्या कागदपत्रांत यकृताचा तपशील जितक्या बारकाईने आढळतो, तितक्या बारकाईने मूत्रपिंडाचा क्वचितच आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे २५ कोटी ४० लाख माणसे या जुनाट संसर्गासह जगत होती. ही संख्या ध्यानी घेतली, म्हणजे या हयगयीची व्याप्ती कळून येते.

बारूक ब्लमबर्ग यांना ज्या संशोधनाबद्दल १९७६ चे नोबेल पारितोषिक लाभले, त्यातील ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’, म्हणजे याच विषाणूचे पृष्ठभागावरील प्रथिन, मूत्रपिंडातही साचते, हे १९७१ सालीच निदर्शनास आले होते. विषाणूची प्रथिने आणि त्यांच्या प्रतिकारार्थ शरीराने निर्माण केलेली प्रतिद्रव्ये यांची संयुगे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म केशिकागुच्छांच्या पडद्यात अडकतात, पडद्याची वीण बिघडते आणि अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन लघवीवाटे वाहू लागते. तैवानमध्ये १९८४ साली बालकांचे लसीकरण सुरू झाल्यानंतर मुलांमधील हा मूत्रपिंडविकारही ओसरला, ही बाब या कार्यकारणभावाची बळकट साक्ष होय.

दुसरी इजा औषधापासून संभवते. आपल्याकडे २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या, विषाणूजन्य काविळीच्या नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली मोफत मिळणारे टेनोफोव्हिर हे विषाणूवर अत्यंत प्रभावी खरे. परंतु मूत्रनलिकेच्या आरंभीच्या भागातील पेशी ते रक्तातून ओढून घेतात, आणि त्याचा साठा वाढल्यास पेशींची ऊर्जाकेंद्रे दुबळी होतात. मग गाळलेल्या द्रवातून जे परत घ्यावयाचे, ते फॉस्फेट, ग्लुकोज व लहान प्रथिने लघवीत निसटतात. मधुमेह नसलेल्या, रक्तातील साखर यथास्थित असलेल्या माणसाच्या लघवीत साखर दिसली, तर ती या इजेची खूण असू शकते. फॉस्फेटची गळती चालू राहिल्यास पुढे हाडे ठिसूळ होतात.

क्रिएटिनीन ही रूढ तपासणी येथे उशिरा बोलते. गाळणक्षमता जवळपास निम्म्यावर येईपर्यंत तिचा आकडा सामान्य मर्यादेत राहू शकतो. आणि यकृत सुकून स्नायू झिजलेल्या रुग्णात, क्रिएटिनीन स्नायूंतूनच उपजत असल्यामुळे, तो आकडा अधिकच दिशाभूल करतो. अशा वेळी रक्तातील सिस्टॅटिन सी या प्रथिनाची तपासणी उपयोगी पडते. अल्ब्युमिन व क्रिएटिनीन यांचे लघवीतील प्रमाण ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या वर तीन महिने टिकले, तर तो मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराचा पुरावा मानतात. मात्र लघवीत बुडवायची पट्टी प्रामुख्याने अल्ब्युमिनच ओळखते. नलिकेची इजा दाखवणारी बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन किंवा रेटिनॉल वाहक प्रथिन यांसारखी लहान प्रथिने तिच्या नजरेतून सुटतात, म्हणून संशय येताच ती स्वतंत्रपणे मोजावी लागतात.

या माहितीने घाबरून कोणी गोळ्या परस्पर बंद करू नयेत. त्यामुळे विषाणू उसळून यकृताला प्राणघातक इजा होऊ शकते. इजा वेळीच कळली, तर वैद्याला एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिरचे नवे रूप, अलाफेनामाइड, यांचा पर्याय खुला असतो, आणि औषधाने झालेली नलिकेची हानी पुष्कळदा भरून निघते. ज्या रुग्णाला आयुष्यभर गोळी घेण्यास आपण सांगतो, त्याच्या लघवीची साधी तपासणी, रक्तातील फॉस्फेट आणि गाळणक्षमता यांची ठराविक मुदतीने नोंद ठेवणे हाही त्याच उपचाराचा भाग आहे; ती जबाबदारी जितकी वैद्याची, तितकाच ती तपासणी मागून घेण्याचा हक्क रुग्णाचा आहे.