उभ्या गाडीची बॅटरी कोण पितं?
चार-पाच दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी बसते? लगेच नवी घेऊ नका. जुनी पूर्ण चार्ज करून, वायर काढून रात्रभर ठेवा. सकाळी व्होल्टेज 12.6 च्या बरंच खाली आलं, तर दोष बॅटरीचाच. नाहीतर गाडीतलंच काहीतरी वीज खातंय. निगेटिव्ह वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये मल्टिमीटर 10 अँपिअरवर लावा. (या वेळी स्टार्टर मारायचा नाही; मीटरचा फ्यूज जाईल.) घाई इथेच नडते. गाडी लॉक केल्यावर आतली इलेक्ट्रॉनिक्स शांत व्हायला अर्धा तासही लागतो. त्यानंतरही 50 मिलिअँपिअरहून जास्त दिसलं, तर एकेक फ्यूज काढा. आकडा उतरला, की चोर त्याच सर्किटवर. माझा पहिला संशय बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिमवर, मग डिकीच्या दिव्यावर. एकाही फ्यूजने फरक पडला नाही, तर अल्टरनेटरचा डायोड तपासून घ्या.