खाणावळीची वही : शहरातील देवाणघेवाणीच्या नात्यांचे अर्थकारण

वसतिगृहाच्या मेसचे पैसे तुम्ही कधी भरता? बहुतेक ठिकाणी महिना सुरू होण्याआधी, शिवाय अनामत रक्कम वेगळी. म्हणजे जेवणारा मेसचालकाला उधार देतो. मुंबईच्या गिरणगावात, लालबाग-परळच्या चाळींतल्या खाणावळींत, हे उलटे होते. आधी जेवण, पैसे पगार झाल्यावर. पैशाच्या देवाणघेवाणीवर उभे राहिलेले शहरी नाते कसे चालते आणि कुठे मोडते, हे या एका फरकावरून चांगले समजते.

मुंबईतली पहिली कापडगिरणी 1854 मध्ये ताडदेवला स्थापन झाली. पुढे कोकण, सातारा, कोल्हापूर भागांतून हजारो पुरुष कामाला आले. बायको-मुले गावी शेती सांभाळत. पुरुष एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत. अशा खोलीत चूल कोण पेटवणार? चाळीतलीच एखादी बाई घरच्या स्वयंपाकात या माणसांचा स्वयंपाक धरू लागली. गिरण्यांतले स्त्रियांचे प्रमाण विसाव्या शतकात खूप घटले होते. त्यामुळे अनेकींना घरात राहून करता येण्याजोगे हेच एक काम उरले होते.

आता पैशाचे वेळापत्रक पाहा. 1936 च्या वेतन अदायगी कायद्याप्रमाणे हजार किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याने पगार महिना संपल्यावर दहा दिवसांच्या आत द्यायचा. मोठ्या गिरण्या याच गटातल्या. एक तारखेला कामावर लागलेल्या माणसाच्या हातात पहिला पगार पडायला 40 दिवस लागू शकत. तोवरचे तांदूळ, पीठ, तेल, रॉकेल यांचे पैसे खाणावळवालीचे. अर्थशास्त्रात याला खेळते भांडवल म्हणतात. गिरणीमालक कामगाराचा पगार महिनाभर स्वतःजवळ ठेवू शकत होता, कारण तेवढे दिवस त्याच्या कामगाराला ही बाई जेवू घालत होती. गिरणीच्या ताळेबंदात तिचे नाव अर्थातच कुठे नव्हते.

तिच्याकडे तारण काय होते? ओळख. जेवणारा बहुधा कोणाच्या तरी गावचा, कोणाच्या तरी नात्यातला. पैसे बुडवून तो दुसऱ्या चाळीत गेला तरी बातमी गावी पोचणार. न जेवलेल्या दिवसाचा खाडा वहीत मांडायचा आणि महिन्याच्या हिशेबातून वजा करायचा. त्या बदल्यात कामगाराला ताटापेक्षा थोडे अधिक मिळे. बदली कामगाराला रोज काम मिळेलच असे नसे. काम नसलेल्या आठवड्यातही त्याचे ताट बंद होत नसे. म्हणजे खाणावळ हा एक प्रकारचा विमाही होता. याला ‘फक्त पैशाचे नाते’ म्हणणे मला अपुरे वाटते, आणि ‘मायेचे नाते’ म्हणणे तर त्या बाईवर अन्याय करणारे. तिची माया वाण्याच्या वहीत जमा होत नव्हती.

वाणी तिला माल उधारीवर देई, पण रोखीपेक्षा चढ्या दराने. तेवढ्याने भागले नाही की सावकार. आकडे समजा असे धरू : 1,500 रुपयांची उधारी आणि व्याज दरमहा शेकडा 5. महिन्याला 75 रुपये नुसते व्याजात गेले. बँकेने हीच रक्कम 4 टक्के वार्षिक व्याजाने दिली तर महिन्याला 5 रुपये पडतात. असे 4 टक्क्यांचे कर्ज 1972 पासून राष्ट्रीयीकृत बँकांच्या विभेदक व्याजदर योजनेत गरिबांसाठी उपलब्धही होते. मात्र तारण नसलेल्या बाईला ते मिळवून देणार कोण?

1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून हे काम हाती घेतले. खाणावळवाल्यांचे गट केले, गटातल्या बायका एकमेकींना हमी राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्जे मिळाली. मुहम्मद युनूस यांचा बांगलादेशातल्या जोब्रा गावातला प्रयोग 1976 चा. सूक्ष्मकर्जाचा विषय निघाला की आपली पाठ्यपुस्तके थेट तिथे जातात. परळ वाटेत लागले असते. गटहमीत नवे असे काय होते? खाणावळवाली कामगाराची जी ओळख तारण मानत होती, तसलीच शेजारणींची ओळख आता बँकेने तारण मानली.

पण या तारणात एक उणीव आहे, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ती लगेच दिसावी. दहा जेवणाऱ्यांपैकी प्रत्येकाचे पैसे एखाद्या महिन्यात थकण्याची शक्यता 20 मध्ये 1 धरा. प्रत्येकाची अडचण वेगळी असेल, तर दहाही जण एकाच महिन्यात थकण्याची शक्यता सुमारे 10 लाख कोटींत 1, म्हणजे नाहीच. एकाचे थकले तर उरलेल्या नऊंवर निभावते. मात्र दहाही जण गिरणीतच असतील तर हे गणित लागू होत नाही. दोन पंप बसवले, पण दोन्ही एकाच वीजवाहिनीवर, तर दुसऱ्या पंपाचा उपयोग काय?

18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप वर्षाहून अधिक चालला आणि रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पगार सगळ्यांचे एकदम थांबले. बरेच कामगार गावी परतले आणि त्यांची नावे थकबाकीसह वहीत राहिली. इथे कोणी लबाडी केली नव्हती. ओळखही शाबूत होती, कोणाचे गाव कोणते हे सगळ्यांना ठाऊक होते. ओळखीमुळे माणूस सापडतो. त्याच्या खिशात पैसा नसेल तर वसुली होत नाही. वाण्याचे देणे मात्र तसेच उभे होते. गटातल्या हमीदार शेजारणीकडे मागावे, तर तिचे जेवणारेही गिरणीतलेच.

अन्नपूर्णाच्या बायकांनी पुढे कार्यालयांना जेवण पुरवण्याची आणि समारंभांच्या स्वयंपाकाची कामे घेतली. पगाराच्या तारखा आणि धंदे वेगवेगळे असलेले ग्राहक त्यातून मिळाले. वरच्या उदाहरणात दहापैकी पाच जण गिरणीबाहेरचे धरा, गिरणी वर्षभर बंद ठेवा, आणि 1,500 रुपयांची उधारी दोन्ही व्याजदरांनी किती महिन्यांत फिटते ते काढून पाहा. दर ताटामागे सुटणारी रक्कम तुम्हीच ठरवा.