ठाणे जिल्हा एका पडद्यावर

पालघर वेगळा झाल्यावर उरलेल्या ठाणे जिल्ह्याची 2011 च्या जनगणनेतली लोकसंख्या 80,70,032 भरते. फोर-के टीव्हीच्या पडद्यावर आडवे 3,840 आणि उभे 2,160 ठिपके असतात. गुणाकार केला की 82,94,400. ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर, नवी मुंबई, पार शहापूर-मुरबाडच्या पाड्यांपर्यंत माणशी एक ठिपका वाटला, तरी सव्वादोन लाखांच्या आसपास ठिपके शिल्लक राहतात. एकट्या ठाणे महापालिकेची तेव्हाची वस्ती 18,41,488. ती फुल एचडीच्या 20,73,600 ठिपक्यांत आरामात मावते. दूरदर्शनचं जुनं चित्र डिजिटल मापाने 720 गुणिले 576, म्हणजे 4,14,720 ठिपक्यांचं. कल्याण-डोंबिवलीच्या 12,47,327 लोकांपैकी जेमतेम तिसरा हिस्सा त्यात बसेल. फोर-के त्याच्या वीसपट आहे, तेही अगदी बरोबर वीसपट. गुणून पाहा.

हे झालं एक चित्र. सिनेमाला अशी सेकंदाला 24 लागतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले, तर सेकंदाला 59 कोटी 71 लाख बाइट होतात. अडीच तासांच्या सिनेमाचे 5 लाख 37 हजार कोटी बाइट, म्हणजे पाच टेराबाइटच्या वर. आणि हा सिनेमा घरी येतो कसा? फोर-केसाठी नेटफ्लिक्स 15 मेगाबिटची लाइन पुरे म्हणतं. त्या वेगाने अडीच तासांत 17 गीगाबाइटसुद्धा पुरते उतरत नाहीत. म्हणजे 318 भागांतला एकच भाग तारेतून येतो, उरलेले 317 टीव्हीखालच्या पेटीने जागेवर तयार करायचे असतात.

टीव्हीखाली ठेवायचा कॉम्प्युटर निवडताना खरा प्रश्न हाच असतो, की हे 317 भाग कोण तयार करणार?

साठ फ्रेमचा फोर-के व्हिडिओ घ्या, क्रिकेटची मॅच समजा. सेकंदाला 49 कोटी 76 लाख ठिपके. एका ठिपक्याच्या वाट्याला दोन नॅनोसेकंद येतात. तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम दोन फूट जातो. 3.4 गीगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचा एक कोअर या वेळात सात ठोके घेतो. सात ठोक्यांत मागच्या-पुढच्या फ्रेममधून या ठिपक्याचा अंदाज बांधायचा, राहिलेला फरक त्यात मिळवायचा, चौकोनांच्या कडा गुळगुळीत करायच्या आणि पुढच्या ठिपक्याकडे वळायचं. चार कोअर जुंपले तरी ठिपक्यामागे 27 ठोके. सर्वसाधारण कामासाठी घडवलेला प्रोसेसर इथे घामाघूम होतो, पंखा घोंघावायला लागतो आणि संवाद ऐकू येईनासे होतात.

म्हणून चिपच्या एका कोपऱ्यात या एकाच कामासाठी वेगळं सर्किट कोरलेलं असतं. त्याला दुसरं काही येत नाही, पण हे काम ते अगदी कमी विजेत उरकतं. मला त्या सर्किटाचं फार कौतुक आहे. सगळी निवड त्याच्यावर ठरते, आणि दुकानात त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. लॅमिंग्टन रोडला बोलणं सुरू होतं ते ग्राफिक्स कार्ड आणि रॅमवरून. सिनेमा बघायला 8 जीबी रॅम पुरते आणि वेगळ्या कार्डाची गरज पडत नाही.

ऑफिसांतून निघालेले जुने मिनी पीसी स्वस्तात मिळतात. त्यात आय5-6500टी आणि आय5-7500टी शेजारी शेजारी ठेवलेले दिसतील. पेटी तीच, दिसायला सारखी, फरक एका आकड्याचा. एचडीआर सिनेमे बहुतेक वेळा येतात 10 बिटच्या एचईव्हीसीमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या एका पद्धतीत. इंटेलच्या सहाव्या पिढीचं सर्किट 8 बिटचं एचईव्हीसी पूर्ण उलगडतं, 10 बिटला मात्र हात टेकतं. सातवी पिढी दोन्ही सहज पेलते. 2023 मध्ये आलेली एन100 ही अवघ्या सहा वॅटची चिप तर एव्ही1 ही दुसरी पद्धतसुद्धा उलगडते. चोवीस तास चालू ठेवलेला जुना टॉवर 60 वॅट खात असेल तर वर्षाला 525 युनिट होतात. आठ वॅट खाणारी पेटी 70 युनिटांत वर्ष काढते.

पेटीच्या मागची खोबणही बघून घ्या. एचडीएमआय 1.4 असेल तर फोर-के सेकंदाला 30 फ्रेमवरच अडतं. 2.0 मध्ये 18 गीगाबिट लिहिलेले असतात, त्यातले चित्राच्या कामाचे 14.4. साठ फ्रेमच्या 10 बिट फोर-केचे पूर्ण रंग मोजले तर 14.93 होतात! थोडक्यात हुकतं, म्हणून रंगांची माहिती थोडी कमी करून पाठवावी लागते. 24 फ्रेमच्या सिनेमाला ही अडचण येत नाही.

सिनेमाची अडचण वेगळी. अमेरिकेने 1953 मध्ये रंगीत टीव्हीसाठी फ्रेमचा वेग हजारात एकाने घटवला. त्यामुळे तिकडच्या बऱ्याच फायली 24 ऐवजी 23.976 ने चालतात. पेटीने टीव्हीला नेमके 24 दिले तर दर पावणेबेचाळीस सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दिसते. अडीच तासांत असे 216 हिसके. कॅमेरा संथपणे सरकत असताना चित्र अडखळतं, आणि काय बिघडलं ते पटकन सांगता येत नाही. 2011 च्या इंटेल सँडी ब्रिजमध्ये ही खोड होती. प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा वेग फायलीनुसार बदलण्याची सोय असते, ती चालू करून ठेवायची.

आता डोंबिवलीतल्या वन बीएचकेच्या हॉलचा हिशोब. 55 इंची टीव्हीवर फोर-केचा एक ठिपका 0.32 मिलिमीटरचा, फुल एचडीचा 0.63 चा. निकोप डोळ्याला फुल एचडीचे ठिपके साधारण सात फुटांपर्यंतच वेगळे दिसतात. सोफा आठ फुटांवर असेल तर दोन्हींची बारकाई सारखीच दिसणार. रंग आणि उजेड चांगला असलेला पडदा घ्या, ठिपक्यांसाठी जादा पैसे मोजू नका.

पेटी घ्यायला जाताना एखादी 10 बिटची फोर-के फाइल पेनड्राइव्हवर न्या. एमपीव्ही प्लेअरमध्ये ती लावून कीबोर्डवरचा ‘आय’ दाबला, की गळालेल्या फ्रेमचा आकडा पडद्यावर येतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर व्हिडिओ डिकोडचा आलेख असतो. तो हलायला हवा आणि सीपीयूचा तळाशी राहायला हवा. पाच मिनिटं चालू द्या, घाई करू नका. पेनड्राइव्ह मात्र घरूनच एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून न्या, कारण फॅट32 मध्ये 4,29,49,67,295 बाइटपेक्षा मोठी फाइल ठेवताच येत नाही.