परदेशातील घर : दाणाबाजारातून दार-ए-सलामपर्यंत

मारवाडातून खानदेशात आलेल्या आपल्या पूर्वजांनी वस्तीसाठी गाव निवडताना काय पाहिले असेल, हा प्रश्न मला अलीकडेपर्यंत कधी पडला नव्हता. आमच्या घरातील वडीलधारी मंडळी सांगत की, त्या काळी तीन गोष्टी पाहिल्या जात. विहिरीला बारमाही पाणी, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर बाजार, आणि अडीअडचणीला धावून येतील अशी आपल्या माणसांची चार घरे. माझ्या पुतण्याने डाळ-व्यवसायासाठी टांझानियातील दार-ए-सलाम येथे बिऱ्हाड करण्याचे ठरविले, तेव्हा ही जुनी यादी आमच्या बैठकीत पुन्हा निघाली आणि तिच्यात फारसे बदल करावे लागले नाहीत, याचे आम्हा सर्वांनाच नवल वाटले.

वस्ती आपोआप होत नसते, ती विचारपूर्वक करावी लागते, याचा दाखला आपल्या धुळ्यातच आहे. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळ्याचा विस्तार करावयास घेतला, त्या वेळी गावात अवघी ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. व्यापाऱ्यांनी येऊन राहावे म्हणून घरासाठी जागा कायमच्या बिनभाड्याने देण्यात आल्या, बांधकामासाठी आगाऊ रकमाही देण्यात आल्या. सरळ रेषेत आखलेल्या त्या गल्ल्यांचे क्रमांक आजही धुळेकरांच्या पत्त्यात असतात. सवलत पाहून पुष्कळ जण आले असतील, परंतु जे पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते केवळ सवलतीवर नव्हेत. पांझरेचे पाणी, बाजाराची पेठ आणि शेजार या तिन्हींचा मेळ बसला, म्हणून ते टिकले.

आफ्रिकेची वाट का?

जळगावच्या डाळमिलांना तूर लागते आणि आपल्याकडची तूर साधारणतः डिसेंबरनंतर बाजारात येते. पूर्व आफ्रिकेतील तूर मात्र ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडील साठे कमी होत असतानाच तयार होते. त्यामुळे मोझांबिक, टांझानिया आणि मलावी ही नावे आज दाणाबाजारात अमळनेर-चोपड्याइतक्याच सहजतेने घेतली जातात. जुलै २०१६ मध्ये भारत आणि मोझांबिक यांच्यात तूर-आयातीचा करार झाला. पहिल्या वर्षी एक लाख टन आणि २०२०-२१ पर्यंत दोन लाख टन, असे त्याचे स्वरूप होते. परंतु ऑगस्ट २०१७ मध्ये देशातील भाव कोसळल्यामुळे आपल्या सरकारने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली आणि तिकडील शेतकरी व व्यापारी दोघेही अडचणीत आले.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, परदेशातील घराचा निर्णय हा व्यापाराच्या निर्णयापासून वेगळा काढता येत नाही. जो धंदा एका अधिसूचनेने बदलू शकतो, त्याच्या भरवशावर पाच वर्षांचे घर बांधून घेणे शहाणपणाचे नाही.

पहिले घर चुकले

पुतण्या आधी एकटाच गेला. तो पोहोचला ऑगस्टमध्ये. त्या शहरात जून ते सप्टेंबर हा कोरडा आणि त्यातल्या त्यात सुखद काळ असतो. त्याने पाहिलेले घर तळमजल्याचे, मोकळ्या अंगणाचे आणि भाड्याने स्वस्त होते. शेजारून एक कोरडा नाला गेलेला होता. घरमालकाने तिकडच्या रीतीप्रमाणे वर्षभराचे भाडे आगाऊ मागितले आणि यानेही ते दिले.

दार-ए-सलामला पाऊस दोन हप्त्यांत येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून डिसेंबरपर्यंतच्या छोट्या पावसाला ‘वुली’ म्हणतात, तर मार्च ते मे या काळातील मोठ्या पावसाला ‘मासिका’. म्हणजे आपला चातुर्मास सुरू होतो तेव्हा तिकडचा मोठा पाऊस संपलेला असतो. वुलीत नाला नुसता ओला झाला. एप्रिलमध्ये मात्र पाणी उंबरठ्यापर्यंत आले, आठवडाभर ओसरले नाही, आणि पाठोपाठ पुतण्याला हिवताप झाला. उपचार वेळेवर मिळाले म्हणून निभावले. त्या शहरातील म्सिम्बाझी नदीचे खोरे वारंवार पाण्याखाली जाते. डिसेंबर २०११ मधील महापूर तेथील लोक अजूनही विसरलेले नाहीत. चौकशी केली असती तर कोणीही सांगितले असते. विचारायचे असते, हेच त्याला कोणी सांगितले नव्हते.

बातमी जळगावला कळली, तेव्हा सूनबाई तीन वर्षांच्या मुलीला घेऊन निघण्याच्या तयारीत होती. ती मला एवढेच म्हणाली, “काका, मी जाणार आहेच. पण दिवसभर घरात मी आणि ही पोर राहणार. तेव्हा दुसरे घर मी पाहिल्याशिवाय घ्यायचे नाही, एवढे तुम्ही त्यांना सांगा.” मी ते सांगितले. खरे तर हे आम्हालाच आधी सुचावयास हवे होते.

तीन पर्याय

पहिला पर्याय शहराच्या उत्तरेकडील मासाकी व ऑयस्टर बे या भागांचा होता. समुद्राचा वारा, रुंद रस्ते, वकिलातींचा शेजार. परंतु भाडे भरमसाट, आणि मध्यवस्तीतील पेढीपासून अंतर लांब.

दुसरा पर्याय उत्तरेकडील अरुषा शहराचा. ते सुमारे १,४०० मीटर उंचीवर असल्याने हवा थंड, आणि उंचीमुळे हिवतापाचा धोकाही किनाऱ्यापेक्षा कमी. तूर पिकविणारा मन्यारा प्रांतही जवळ. मात्र बंदर आणि जहाजाची कागदपत्रे दार-ए-सलामला, म्हणजे सहाशे किलोमीटरहून दूर. नवरा एका गावी आणि बायको-मूल दुसऱ्या गावी, अशी पाळी आली असती.

तिसरा पर्याय उपांगा या जुन्या भागातील सदनिकेचा. इमारत जुनी, दिखाऊपणा काही नाही. परंतु पेढी पायी वीस मिनिटांवर, किसुटूची भारतीय दुकाने व मंदिरे जवळ, मोठे रुग्णालय हाकेच्या अंतरावर आणि शेजारीपाजारी गुजराती बोलणारी कुटुंबे. धुळे-नंदुरबारच्या माणसाला गुजराती परकी वाटत नाही.

सूर्यास्ताचे गणित

निवड कशावरून ठरली, हे आपल्या वाचकांना विशेष सांगण्यासारखे आहे. आमच्या घरात चौविहार पाळला जातो. लंडनसारख्या ठिकाणी हिवाळ्यात सूर्य चारच्या सुमारास मावळतो आणि उन्हाळ्यात रात्री नऊनंतर, त्यामुळे तिकडील कुटुंबांची मोठी ओढाताण होते. विषुववृत्ताजवळ ही अडचण नाही. दार-ए-सलामला सूर्यास्त वर्षभर साधारण सव्वासहा ते पावणेसातच्या सुमारास होतो. स्वाहिली भाषेत तर घड्याळच सूर्योदयापासून मोजतात. आपल्या सकाळच्या सातला ते ‘एक वाजला’ म्हणतात आणि संध्याकाळी सहाला ‘बारा’. नवकारसीचा हिशेब करणाऱ्याला हे घड्याळ परके वाटू नये.

परंतु सूर्य वेळेवर मावळला तरी माणूस वेळेवर घरी पोहोचला पाहिजे. पेढी पाचला बंद होते आणि त्या वेळी उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्यांवर वाहनांची रांग लागलेली असते. मासाकीतील घरी पोहोचेपर्यंत अनेकदा अंधार पडला असता. सूनबाईने तेथे गेल्यावर एक साधी गोष्ट केली. तिन्ही घरांच्या चौकशीत न गुंतता ती एका कामाच्या दिवशी पाच वाजता पेढीतून निघाली आणि उपांग्याच्या सदनिकेपर्यंत चालत गेली. साडेपाचच्या आत ती दारात होती. घर तेथेच ठरले.

डास, पाणी आणि अहिंसा

तिसरा मजला घेतल्याने पुराची भीती गेली, परंतु डासांची नाही. हिवतापाचा डास मुख्यतः रात्री चावतो, डेंग्यूचा दिवसा. त्या शहरात २०१४ आणि २०१९ मध्ये डेंग्यूची मोठी साथ येऊन गेली आहे. आपल्या घरात फवारणीविषयी मन कचरते, हे स्वाभाविक आहे. त्यावर आमच्या सूनबाईचे उत्तर मला पटले : जीव मारावा लागू नये असे वाटत असेल, तर तो घरात जन्मू देऊ नये आणि आत येऊ देऊ नये. सामान लावण्याआधी सर्व खिडक्यांना बारीक जाळ्या बसविल्या. बिछान्यांना मच्छरदाण्या लावल्या. कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाकल्या, पाण्याची पिंपे झाकली. यतना म्हणतात ती हीच.

मात्र औषधाच्या बाबतीत संकोच नको. तिकडे ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासावे. भारतात परतल्यावर ताप आला, तर आपण आफ्रिकेतून आलो हे डॉक्टरांना आधी सांगावे. तिकडचा हिवताप बहुधा गंभीर प्रकारचा असतो आणि उशीर जिवावर बेतू शकतो. केनिया, युगांडा अशा देशांतून परतताना पिवळ्या तापाच्या लसीचा दाखलाही जवळ असावा लागतो. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी.

आहाराची चिंता आम्ही वाजवीपेक्षा जास्त केली होती. तिकडे कसावा आणि रताळी खूप खाल्ली जातात, ती आपल्याला वर्ज्य. पण मक्याचे पीठ, नारळ, माठासारखी ‘म्चिचा’ ही पालेभाजी आणि केळी मुबलक. तुरीला तेथे ‘म्बाझी’ म्हणतात आणि ती नारळाच्या रसात शिजवितात. आपल्या रावेरच्या केळ्यांची सर तिकडच्या केळ्यांना नाही, असे सूनबाई म्हणते. ते अर्थातच माहेरच्या अभिमानाने.

भाड्याचे की मालकीचे?

आपल्या समाजात भाड्याचे घर म्हणजे अर्धवट संसार, अशी समजूत आहे. पूर्व आफ्रिकेत ती बाजूला ठेवावी. १९७१ मध्ये टांझानिया सरकारने एका कायद्याने एक लाख शिलिंगांपेक्षा अधिक किमतीच्या, भाड्याने दिलेल्या इमारती ताब्यात घेतल्या. त्यांतील बहुसंख्य भारतीय वंशाच्या लोकांच्या होत्या. पुढच्याच वर्षी युगांडात इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्यास सांगितले. आज परिस्थिती पुष्कळ निवळली आहे. तरीही टांझानियात परकीय नागरिकाला, गुंतवणुकीसाठीची परवानगी सोडली, तर जमीन मिळत नाही. कोणी स्थानिकाच्या नावावर घर घेऊन देतो म्हणाला, तर नम्रपणे नकार द्यावा. करार एक वर्षाचा, लेखी, आणि स्थानिक वकिलाने वाचलेला असावा.

साधू-साध्वी वाहनाने प्रवास करीत नसल्याने तिकडे त्यांचा सहवास मिळत नाही. सामायिक, प्रतिक्रमण घरचे घरीच करावे लागते. म्हणून घर पाहताना एक शांत कोपरा आहे की नाही, हेही पाहावे.

आता रोज रात्री साडेआठला जळगावात फोन वाजतो. तिकडे सहा वाजलेले असतात, जेवणे आटोपलेली असतात. गेल्या एप्रिलमध्ये मासिका सुरू झाला तेव्हा मी न राहवून पाण्याची चौकशी केली. पुतण्या म्हणाला, “काका, खाली रस्त्यावर आहे. वर नाही.” मग त्याने तुरीचा भाव विचारला.

ज्यांच्या घरातून कोणी उष्ण देशात निघाले असेल, त्यांना अनुभवातून एवढेच सुचवावेसे वाटते. घर कोरड्या दिवसांत पाहिले असले, तरी पावसाचे पाणी कोठवर येते हे शेजाऱ्यांना विचारावे. पेढीपासून घरापर्यंतचे अंतर नकाशावर नव्हे, तर संध्याकाळी पाचला पायांनी मोजावे. आणि जी व्यक्ती त्या घरात दिवसभर राहणार आहे, तिचे मत शेवटी नव्हे, आधी घ्यावे.