ताट सासूबाईंचं, काम आपलं!

‘मी काहीच खात नाही, तरी वजन वाढतंच!’ मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्याही तोंडून कधीतरी गेलं असेलच. मीही तेच म्हणत होते. इथे धरमतरला संसार आणि अर्धवेळ शाळा सांभाळता सांभाळता तीन वर्षांत 55 चे 64 किलो झाले, तेव्हा मात्र वही घेऊन हिशेबाला बसले.

घोटाळा सापडला तो सासूबाईंच्या ताटात. त्यांचा जन्म गेला खारेपाटातल्या शेतात. भातलावणी, कापणी, वर डोक्यावरून पाणी. मी जेवते त्यांच्याइतकंच. पण माझं पाणी नळाचं, वाटण मिक्सरवरचं आणि शाळेत जायला रिक्षा!

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या तक्त्यानुसार 55 किलोच्या बाईला बैठ्या कामासाठी दिवसाला 1660, मध्यम कष्टांना 2130 आणि जड कष्टांना 2720 कॅलरी लागतात. म्हणजे सासूबाईंच्या आणि माझ्या गरजेत 1060 कॅलरींचा फरक. 50 ग्रॅम पिठाच्या तांदळाच्या जवळजवळ सहा भाकरी!

तुमचा हिशेब असा करा. आजचं वजन न धरता उंचीला शोभेल ते धरा. पाच फूट एक इंच उंचीला साधारण 44 ते 55 किलो. काम बैठं असेल तर त्याला 30 ने गुणा. 52 किलोंना झाल्या 1560 कॅलरी.

आता आठवडाभर तोंडात जाईल ते सारं लिहा. चहातली दोन चमचे साखर म्हणजे 40 कॅलरी. चार कपांच्या 160. फोडणीतलं चमचाभर जास्तीचं तेल 45. कालवणातलं खोबरं, तळलेले पोह्याचे पापड आणि ‘टाकायचं कशाला’ म्हणून संपवलेला मुलांच्या ताटातला भात, हेही विसरू नका.

एकदम उपास मात्र नको. मग साबुदाण्याच्या खिचडीने सगळं भरून निघतं! रोज 300 कॅलरी कमी केल्या, तरी महिन्याला किलोभर वजन उतरतं. भात-भाकरी थोडी कमी करा. डाळ, मासळी, पालेभाजी ठेवा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी काटछाट करू नये. त्यांची गरज उलट वाढलेली असते. मधुमेह किंवा थायरॉइड असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

पाच महिन्यांत माझे साडेचार किलो उतरले. सासूबाईंची भाकरी तेवढीच आहे. माझी मात्र आता मी मोजून घेते.