माळ्यावरच्या स्लाइड्स मोबाइलमध्ये

पुण्याजवळच्या रहाटणीत आता जिकडेतिकडे टॉवर दिसतात. इथली शेतं १९७०-८०च्या सुमारास कुणी स्लाइडवर टिपली असतील, तर ती आज माळ्यावरच्या एखाद्या डब्यातच सापडायची. प्रोजेक्टर केव्हाच भंगारात गेलेला असतो. स्लाइड्स मात्र भावनेपोटी उरतात.

त्या मोबाइलमध्ये घ्यायच्या, तर कागद स्कॅन करायचं साधं यंत्र कामाचं नाही. ते कागदावरून परतलेला प्रकाश वाचतं, स्लाइडमधून प्रकाश आरपार जावा लागतो. त्यासाठी खास स्कॅनर मिळतात, पण पन्नासेक स्लाइड्ससाठी तो खर्च कशाला?

त्याऐवजी स्लाइडचा मोबाइलने फोटोच काढा. टॅबलेटचा पडदा पूर्ण पांढरा करून त्यावर काच ठेवा आणि स्लाइड तीन-चार सेंटिमीटर उंचावर धरेल असं पुठ्ठ्याचं खोकं करा. स्लाइड थेट पडद्यावर टेकवली, तर पिक्सेलची जाळी फोटोत उमटते. खोली अंधारी हवी. मोबाइल हातात न धरता स्टँडवर बसवा आणि टायमर लावा. घरात जुना डीएसएलआर असेल, तर एक्स्टेन्शन ट्यूब लावून निकाल कितीतरी सरस येतो.

त्याआधी धूळ. ती रबरी ब्लोअरने उडवायची, तोंडाने फुंकायची नाही, थुंकीचे डाग पडतात. पावसाळी दमटपणात बुरशीची जाळीही धरते. ती पाण्याने मुळीच पुसू नये, मऊ झालेला जिलेटिनचा थर चित्रासकट निघून येतो.

चित्राची चौकट अवघी २४ बाय ३६ मिलिमीटर. खास स्कॅनरवर ती २४०० डीपीआयने स्कॅन केली, तरी सुमारे पावणेआठ मेगापिक्सेल मिळतात. अल्बमच्या छपाईला एवढं पुरतं.