चिल्लर चाळणारी माणसे

दवनीवाड्याच्या बाजारात एका दुकानदाराने माझे दहा रुपयांचे नाणे परत केले, त्याला फार दिवस झाले नाहीत. "हे चालत नाही," एवढेच तो म्हणाला. नाण्यावर रुपयाचे नवे चिन्ह नव्हते, म्हणून ते खोटे, असा त्याचा समज. शेजारी उभ्या असलेल्या एका तरुणाने मात्र ते मागून घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि सालाच्या आकड्याखाली बोट ठेवून म्हटले, "काका, हे नोएडाचे आहे."

दहा रुपयांची तोवर निघालेली चौदाही प्रकारची नाणी कायदेशीर आहेत, हे रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्येच जाहीर केले होते. दुकानदारापर्यंत ती वार्ता पोचली नव्हती. तरुणाला मात्र ते सारे प्रकार तोंडपाठ होते, कारण हाती येईल ती चिल्लर चाळून पाहणे हा त्याचा छंद. या छंदात शहाणी माणसे आपला वेळ का घालवितात, हे थोडे समजून घेण्यासारखे आहे.

अमेरिकेत या छंदाची रीत ठरून गेली आहे. बँकेतून नाण्यांची कागदी नळकांडी घ्यावयाची, घरी फोडून एकेक नाणे निरखावयाचे आणि उरलेली पुन्हा बँकेत भरावयाची. याचे मूळ चांदीत आहे. तेथील दहा व पंचवीस सेंटांच्या नाण्यांत 1964 पर्यंत नव्वद टक्के चांदी असे. 1965 पासून त्यांच्या जागी तांबे-निकेलची नाणी आली. दर्शनी किंमत तीच राहिली, म्हणून चांदीचे नाणे दिसले की लोक ते ठेवून घेऊ लागले. यात मौज अशी, की जुगारात डाव हरला म्हणजे पैसा जातो. येथे काही न सापडले तरी पैसा जागच्या जागी राहतो. जातो तो वेळ.

आपल्याकडे त्या आशेला जागा नाही. 1940 पूर्वीच्या रुपयात बारा भागांतले अकरा भाग चांदी होती. मग ती निम्मी झाली आणि 1947 मध्ये रुपया निकेलचा झाला. पंचवीस पैसे व त्याखालची नाणी तर 30 जून 2011 रोजी चलनातून गेली. शिवाय नाणी वितळविणे हा 2011 च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे. मग आपला छांदिष्ट शोधतो तरी काय?

तो खुणा शोधतो. सालाखाली चौकट असली तर नाणे मुंबईच्या टांकसाळीचे, चांदणी असली तर बहुधा हैदराबादचे, ठिपका असला तर नोएडाचे. आणि काहीच नसणे ही कलकत्त्याची खूण! नाण्यांची टंचाई पडली तेव्हा सरकारने परदेशांतूनही ती पाडून आणली. 1985 च्या काही रुपयांवर बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचे 'एच' हे अक्षर आहे. 1998 चे काही रुपये तर स्लोव्हाकियातील क्रेम्निका येथे पडले. ही टांकसाळ 1328 सालापासूनची. तिथला रुपया धानाच्या मजुरीत कुणाच्या तरी ओंजळीत पडला असेल, ही कल्पना मला तरी सोन्याच्या मोहरेपेक्षा अधिक रम्य वाटते.

बारीकशा खुणेवरून केवढा गहजब होतो, हे 1911 च्या रुपयाने दाखविले आहे. पाचव्या जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि ते रुपये मागे घेऊन पुढच्या वर्षी हत्ती नीट कोरून घ्यावा लागला. जे लोकांच्या हाती राहिले त्यांना आज संग्राहक शोधत असतात.

पण व्यापाऱ्याकडून नाणे विकत का घेऊ नये? घ्यावे की, परंतु व्यापाऱ्याच्या पेटीतले नाणे आधीच कुणीतरी निवडलेले असते. किराणा दुकानाच्या गल्ल्यातले कुणी निवडलेले नसते. तेथे जे सापडते ते पाहणाऱ्याच्या डोळ्याची कमाई असते. अर्थात प्रत्येक सापडलेले नाणे घोळक्यातून कायमचे कमी होते, म्हणून मागून येणाऱ्याच्या वाट्याला थोडे कमीच उरते.

याच ठिकाणी ठकांनी आपले दुकान मांडले आहे. वैष्णोदेवीचे चित्र असलेले 2012 चे पाच रुपयांचे नाणे लाखो रुपयांना घेतो, आधी 'शुल्क' तेवढे भरा, असा फोन आला की भोळा माणूस पदरचे पैसे घालवून बसतो. जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट 2021 मध्ये सावध करावे लागले. ज्याने स्वतः हजारभर नाणी चाळली आहेत तो सहसा या जाळ्यात सापडत नाही. कोणते नाणे पावलोपावली भेटते आणि कोणते वर्षातून एकदा, हे त्याच्या बोटांना ठाऊक असते.

त्या तरुणाच्या वहीत नोएडाचे ते साल रिकामे होते. त्याने मला दहाची नोट दिली व नाणे खिशात टाकले. नोट घडीवर जवळजवळ फाटलेली होती. दुकानदाराने ती मुकाट्याने घेतली.